काडी सगळ्यात शेवटी

१ डिसेंबर २०२१, बुधवार. दिवस थंडीचे आणि आभाळ मात्र आषाढातलं. ठाणं, नवी मुंबई, पनवेल, सगळीकडं पाऊस लागून राहिला होता. नेऱ्याच्या पुढं, गाढी नदीच्या अंगाला आमचं थोडं भाताचं शेत आहे. दादाचा घणसोलीला फोन आला, "भारे खळ्यावर उघडे पडलेत, असाल तसे या." मी, दादाची दोन्ही मुलं आणि थोरल्याचा एक मित्र असे चौघं पोचलो. भारे उचलून, पुन्हा रचून, त्यावर ताडपत्र्या ओढून होईस्तोवर साडेपाच वाजले. सगळे निथळत होतो. माथेरानच्या डोंगरावरून वारा उतरायला लागला होता.

दादा तेव्हा चौसष्टचा. आधी त्याचे दात वाजत होते. मग ते थांबले आणि त्याचं बोलणं जड झालं, शब्द तोंडातल्या तोंडात घुटमळायला लागले. भिजलेल्या माणसाचं कुडकुडणं ऊब न मिळताच थांबलं, तर ते बरं होण्याचं लक्षण नसतं, उलट शरीर हरत चालल्याचं असतं. मला तेव्हा खरी भीती वाटली.

खोपटात आम्ही त्याचे ओले कपडे काढले, कोरड्या कांबळ्यात गुंडाळलं, धाकट्याला त्याला चिकटून बसवलं आणि बाकीचे खोपटासमोरच्या मांडवाखाली शेकोटी पेटवायला बसलो. दीड आगपेटी संपली. वर्तमानपत्र पेटायचं, त्यावर ठेवलेल्या काटक्या काळ्या व्हायच्या, धूर डोळ्यांत जायचा आणि सगळं विझायचं. शेवटी थोरल्याच्या मित्रानं आपल्या मोटरसायकलमधलं पेट्रोल बाटलीत काढलं. मी नको म्हणायच्या आत त्यानं ते धुमसत्या ढिगावर ओतलं. असा भपका झाला की त्याच्या भुवया गेल्या, मनगट पोळलं. पेट्रोल मिनिटभरात जळून संपलं आणि खालची लाकडं होती तशीच राहिली, काळी आणि ओली.

जवळच्या ठाकूरवाडीतल्या एक मावशी खताच्या गोणीची खोळ डोक्यावर घेऊन वाटेनं चालल्या होत्या. धूर बघून वळल्या. आमच्या ढिगाकडं एकदा बघितलं आणि म्हणाल्या, "बाय, काडी ठेव बाजूला. सरपण कुठाय?"

पुढची पंधरा-वीस मिनिटं त्यांनी आगपेटीला हात लावला नाही. कोयता मागितला, खोपटाच्या कुडातून कारवीच्या चार काठ्या उपसल्या, पेंढ्याच्या उडवीत खांद्यापर्यंत हात घातला, लाकडं फोडली, तासली, लहान-मोठी लावून ठेवली. मग एक काडी ओढली. एकच.

मी महापालिकेच्या शाळेत एकतीस वर्षं विज्ञान शिकवलं. त्या बाईंनी जे जे केलं, त्यातल्या प्रत्येक गोष्टीचं कारण मला ठाऊक होतं, मुलांना फळ्यावर लिहून दिलेलं होतं. हाताला मात्र त्यातलं काही येत नव्हतं. लहानपणी येत असणार. आमच्या घरी गॅस यायच्या आधी आई भर श्रावणात तिवराच्या, म्हणजे खाडीकाठच्या खारफुटीच्या, ओल्या लाकडांवर भाकऱ्या करायची आणि चूल पेटवून द्यायचं काम माझं असायचं. गॅस आला आणि हात ते विसरले. त्या बुधवारनंतर मी ते पुन्हा शिकले. मावशींकडे चार-पाच वेळा मुद्दाम जाऊन बसले, त्यानंतरच्या प्रत्येक थंडीत ओल्यातच पेटवायचा सराव केला. ते सगळं इथं लिहिते आहे. रात्री शेतावर राहणाऱ्यांना, अवकाळीत डोंगरात सापडणाऱ्या मुलांना ते उपयोगी पडावं.

ओलं लाकूड पेटत का नाही

शाळेत मी एक प्रयोग दरवर्षी करायची. कागदाच्या पेल्यात पाणी घ्यायचं आणि पेला मेणबत्तीच्या ज्योतीवर धरायचा. पाणी गरम होतं, उकळतंही, पण कागद जळत नाही. पाणी आहे तोवर कागदाचं तापमान शंभर अंशांच्या फारसं वर जातच नाही, येईल ती उष्णता पाणी पिऊन टाकतं.

लाकडाचंही तेच. लाकूड स्वतः पेटत नाही, तापल्यावर त्यातून जे वायू निघतात ते पेटतात. त्यासाठी लाकूड अडीचशे-तीनशे अंशांपर्यंत तापावं लागतं. आत पाणी असेल तर ते शंभरापाशीच अडकून बसतं. नुकत्याच तोडलेल्या ओल्या लाकडात निम्मं वजन पाण्याचं असू शकतं. आणि पाण्याची वाफ करणं फार महागात पडतं. बर्फासारखं थंड पाणी उकळीपर्यंत आणायला जेवढी उष्णता लागते, तिच्या पाचपटींहून जास्त उष्णता त्याच पाण्याची पूर्ण वाफ करायला लागते. आगपेटीच्या काडीत तेवढी ताकद कुठून येणार?

म्हणून पेट्रोल-रॉकेल काही कामाचं नाही. ते स्वतः जळतं, घाईनं जळतं आणि लाकूड वाळायच्या आत संपतं. त्यात पेट्रोलची वाफ जमिनीलगत पसरते आणि दुरूनच पेट घेते. आमच्याकडच्या त्या मुलाचं नशीब चांगलं, मनगटावर निभावलं.

मग उपाय एकच. इतक्या बारीक आणि कोरड्या वस्तूपासून सुरुवात करायची की लहानशी ज्योतही तिला पुरेल. तिच्या उष्णतेनं त्याहून थोडी जाड वस्तू वाळेल आणि पेटेल, तिच्यानं त्याहून जाड. ओल्यात आग पेटवायची म्हणजे आगीकडूनच पुढचं लाकूड वाळवून घ्यायचं. हे एकदा मनात बसलं की बाकी सगळं आपोआप सुचत जातं.

सरपण

सगळ्यात जास्त वेळ इथं द्या. मी अर्धा तास धरते, अंधार पडायला आला असला तरी.

पावसात भिजलेलं लाकूड आणि ओलं लाकूड यांत फरक आहे. झाडावरच वाळलेली, लटकत राहिलेली फांदी दिवसभर पावसात राहिली तरी पाणी तिच्या सालीपुरतंच मुरतं. साल तासली की आत कोरडी ठणठणीत. तीच फांदी जमिनीवर पडून असेल तर खालून ओल ओढते, बुरशी धरते, पार गाभ्यापर्यंत भिजते. म्हणून खाली वाकून वेचू नका, मान वर करून शोधा. झाडात अडकलेलं, कुंपणाला टेकलेलं, दगडाच्या कपारीखाली राहिलेलं, बांधाच्या आडोशाचं, खोपटाच्या वळचणीचं.

ओळखायच्या खुणा मावशींनी दाखवल्या. काटकी वाकवली की 'कट्' आवाज करून मोडली पाहिजे. वाकली, सोललेल्या शेंगेसारखी लोंबली, की टाकून द्या. दोन लाकडं एकमेकांवर आपटली की कोरडी टणटण वाजतात, ओली थपथप. आणि मोडलेलं टोक गालाला लावून बघायचं. बोटं गारठली की त्यांना ओलावा कळत नाही, गालाला कळतो. ओलं लाकूड गालाला गार लागतं.

आमच्या भागात काय काय मिळतं ते सांगते. पेंढ्याची उडवी असेल तर देव पावला म्हणायचं. वरचा थर भिजलेला असतो, पण पेंढा उतरता रचलेला असल्यामुळं पाणी घसरून जातं. कोपराच्या पुढं हात घातला की आतला पेंढा उन्हाळ्यातल्यासारखा कुरकुरीत लागतो. मालकाला विचारून दोन मुठी घ्या आणि भोक पुन्हा बुजवा, नाहीतर तिथूनच उडवी सडते. गोवऱ्यांचंही तसंच, रचलेल्या ढिगाच्या मधल्या गोवऱ्या कोरड्या असतात. गोवरी भडकत नाही पण विस्तव धरून ठेवते, आणि ओल्यात भडकण्यापेक्षा टिकण्याला किंमत जास्त.

कारवी तर सोन्यासारखी. आठ वर्षांनी एकदा फुलते, बी धरते आणि वाळते. तिच्या सरळ काठ्यांचे कूड आमच्याकडच्या खोपटांना अजून असतात. पेन्सिलीएवढी जाड, आतून हलकी, चटकन पेटणारी. नारळ असेल तिथं सोडण, म्हणजे नारळाचं सुकं टरफल, घ्या. बाहेरून भिजलेलं असलं तरी फाडून आतला काथ्या पिंजला की उत्तम निघतो. करवंटी उशिरा पेटते पण पेटली की तेल असल्यासारखी धग देते. वाळकी झावळी आधी वळचणीला झटकून घ्यायची. बांबू बाहेरून कितीही भिजला तरी आत कोरडा असतो, पण तो चिरल्याशिवाय आगीत घालू नका. बंद पेरात वाफ कोंडते आणि पेर फटाक्यासारखं फुटतं.

शहरातूनच सरपण घेऊन निघणारे बरेच असतात. महापे-रबाळ्याकडं भंगारवाल्यांकडं पॅकिंगच्या खोक्यांच्या पाईनच्या फळ्या मिळतात. कोरड्या, राळयुक्त, ओल्या दिवशी फारच कामाच्या. घेताना फळीवरचा शिक्का बघा. 'एचटी' म्हणजे नुसत्या उष्णतेनं शुद्ध केलेलं लाकूड, ते चालतं. 'एमबी' असेल तर त्यावर मिथाइल ब्रोमाइड हे विषारी औषध मारलेलं आहे, ती फळी सोडून द्या. प्लायवूड, सनमायका, रंगवलेली चौकट हे काहीच जाळू नका, त्याचा धूर छातीत बसतो.

झाडांतही काही नको. कण्हेरीचा धूरसुद्धा विषारी. बिब्ब्याचं लाकूड हाताला लागलं तरी फोड येतात, धूर तर डोळे आणि घसा सुजवतो. कुंपणाच्या शेराचा चीक डोळ्यात गेला तर डोळे उघडवत नाहीत. शेवगा, पांगारा विषारी नाहीत, पण पाण्यानं फुगलेल्या बोळ्यासारखे, जळायचं नाव घेत नाहीत. ऐन, बाभूळ, खैर ही जाळायला उत्तम लाकडं, पण ती वाळकी आणि स्वतःच्या किंवा ओळखीच्या बांधावरची. तिवराचा मोह अजिबात नको. आमच्या आजीच्या काळी खाडीवरून तिवराच्या मोळ्या यायच्या, ते दिवस संपले. मुंबई उच्च न्यायालयानं २००५ मध्ये खारफुटीच्या तोडीला मनाई केली आणि ते योग्यच झालं, खाडी तिवरांमुळंच शिल्लक आहे.

किती गोळा करायचं? कोरड्या दिवशी लागतं त्याच्या दुप्पट. आगपेटीच्या काडीएवढ्या बारीक काटक्या दोन मुठी, दोन्ही हातांच्या चिमटीत मावणार नाहीत एवढ्या. पेन्सिलीएवढ्या एक कव. अंगठ्याएवढ्या एक कव. मनगटाएवढी आठ-दहा लाकडं. चार ढीग वेगवेगळे, हाताशी, ताडपत्रीच्या खाली. बहुतेकांची आग विझते ती बारीक काटक्या संपल्यामुळं. पेटलं म्हणून उठून काटक्या शोधायला जायचं आणि परत येईस्तोवर राख झालेली असते. माझं स्वतःचं असं तीनदा झालं आहे.

आता कोयता. भिजलेली काटकी तासायची, साल आणि वरचा गडद थर उडवायचा, आत फिकट रंग लागला की थांबायचं. मनगटाएवढं लाकूड उभं धरून कोयत्याची धार वरच्या टोकावर टेकवायची आणि दुसऱ्या लाकडानं कोयत्याच्या पाठीवर ठोकायचं. कोयता हवेत उगारायचा नाही, थंडीनं बधिरलेल्या हातातून तो निसटतो. लाकूड चौफाळलं की आतला कोरडा गाभा मोकळा होतो. त्यातल्या एका चिपाटीला धारेनं वरून खाली पातळ पापुद्रे काढायचे, पण तोडायचे नाहीत, बुडाशी चिकटलेले ठेवायचे. कोंबड्याच्या शेपटीसारखे कुरळे पापुद्रे लगडलेल्या अशा चार-पाच काठ्या केल्या की काटक्यांची उणीव भासत नाही. जिथं बारीक कोरडं काहीच सापडत नाही, तिथं ही एकच युक्ती तारते.

बरणी

माझ्या पिशवीत एक लोणच्याची प्लास्टिकची बरणी असते, फिरकीच्या झाकणाची. तिच्यात आगपेट्या दोन, लायटर एक, मेणबत्तीचे जाड तुकडे दोन, कापराच्या वड्या आणि तुपात भिजवलेल्या फुलवाती वीसेक. तळाशी चमचाभर भाजलेले तांदूळ, दमटपणा ओढून घ्यायला.

काडीच्या गुलात पोटॅशियम क्लोरेट असतं आणि आगपेटीच्या कडेच्या पट्टीत तांबडा फॉस्फरस, दोन्ही भेटले की ठिणगी. लोक काड्या जपतात आणि पट्टी भिजू देतात. पट्टी मऊ पडली की कोरडी काडीही नुसती ओरखडत राहते. म्हणून आगपेटी अख्खी बरणीत. लायटर भिजला तर चाक फुंकून, अंगरख्याच्या आतल्या बाजूला पुसून पुन्हा बघा. हिमालयात जाणाऱ्यांनी तो आतल्या खिशात ठेवावा, कारण साध्या लायटरमधला ब्यूटेन शून्य अंशाच्या आसपास वायू व्हायचंच थांबवतो. आपल्या बारा-तेरा अंशांत ती अडचण नाही.

कापूर भिजला तरी पेटतो, पाण्यावर तरंगतानाही जळतो. पण फार भडकून लवकर संपतो. फुलवात उलट, शांत आणि चार-पाच मिनिटं सहज टिकणारी. कापूस ज्योत धरून ठेवतो आणि तूप जळत राहतं. मी दोन्ही एकत्र वापरते. तीन फुलवाती, त्यांच्या मधोमध अर्धी वडी कापूर. तूप नसेल तर व्हॅसलिन चोळलेला कापूस तेच काम करतो. आणि फार ओलं असेल तर सरळ मेणबत्ती. काडीची ज्योत काही सेकंदांची, मेणबत्तीची तासाभराची. काटक्यांच्या खाली मेणबत्ती धरून बसलं की त्यांना वाळायला वेळ मिळतो. सायकलच्या ट्यूबचे तुकडे जाळणारे बरेच आहेत. पेटतात खरे, पण तो काळा धूर मुलांच्या तोंडावर येताना मला बघवत नाही, मी ते सोडलं.

जागा, आणि जिथं पेटवूच नये अशा जागा

येऊरला, कर्नाळ्याला, किंवा वनखात्याच्या कुठल्याही जंगलात शेकोटी करू नका. येऊर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे, कर्नाळा अभयारण्य आहे. राखीव वनात जंगलाला धोका होईल अशी आग पेटवणं किंवा तशी सोडून जाणं हा १९२७ च्या भारतीय वन कायद्याच्या कलम २६ नुसार गुन्हा आहे. पाऊस पडून गेला म्हणजे वणवा लागणार नाही असं समजू नका, दोन दिवस उन्हात गवत पुन्हा वाळतं आणि मुळांत धुमसत राहिलेला विस्तव तेव्हा वर येतो. स्वतःचं शेत, ओळखीच्याचं खळं, परवानगी असलेलं कृषी पर्यटन केंद्र, एवढ्याच जागा.

ओल्या मातीवर थेट पेटवायचं नाही. आग खालची माती वाळवत बसते आणि त्या वाफेतच गुदमरते. मनगटाएवढी लाकडं एकमेकांना चिकटवून आडवी मांडा, हातभर रुंद ओटा होईल अशी. ती ओली असली तरी चालतील, हळूहळू वाळून तीही कामाला येतात. जुन्या घराची कौलं वळचणीला कोरडी मिळाली तर त्याहून चांगलं. नदीतले गोटे मात्र कधीच नको. गाढीतले गोटे दिसायला सुंदर, गुळगुळीत, पण त्यांच्या बारीक भेगांत पाणी मुरलेलं असतं. तापले की वाफ कोंडून फुटतात आणि कपची डोळ्यात जाऊ शकते.

पाऊस चालू असेल तर ताडपत्री माणसाच्या उंचीच्या वर, तिरकी, एक बाजू वाऱ्याकडं झुकवलेली. सुरुवातीची दहा मिनिटं कुणी उघडी छत्री धरून उभं राहिलं तरी पुरतं. जाळ गुडघ्याएवढा झाला की छत्रीवाल्यानं बाजूला व्हायचं. तेवढ्या आगीला रिमझिम विझवू शकत नाही.

पेटवणं

वाऱ्याच्या बाजूला एक मनगटाएवढं लाकूड ओट्यावर आडवं ठेवा. ही आगीची पाठ. तिच्या आडोशाला पिंजलेला काथ्या किंवा पेंढ्याची घरट्यासारखी वाटी करा, मध्ये फुलवाती आणि कापूर. पेंढा पिळून गच्च करू नका, हवा खेळली पाहिजे. मग काडीएवढ्या काटक्या त्या आडव्या लाकडावर टेकवून घरट्यावर तिरक्या लावा, छपराचे वासे लावतात तशा. दोन काटक्यांमध्ये एक काटकी मावेल एवढं अंतर. समोरची बाजू उघडी, तिथून हात जाईल अशी.

सगळं एकदा बघून घ्या. चारही ढीग हाताशी आहेत? फुंकणी आहे? मग काडी.

काडी ओढली की गूल खाली झुकवा, ज्योत लाकडावर चढू द्या, तळहाताच्या ओंजळीत आडोसा करून फुलवातीला खालून लावा. जाळ नेहमी खालून वर जातो, वरून लावलेली आग ओल्यात सहसा खाली उतरत नाही. पहिली दोन मिनिटं काहीही करू नका. हे सगळ्यात अवघड जातं. हात शिवशिवतात, फुंकावंसं वाटतं, आणखी चार काटक्या टाकाव्याशा वाटतात. थांबा. आग या वेळी काटक्या वाळवते आहे.

आवाज ऐका. 'चुर्र' आवाज येतो आणि काटकीच्या टोकाला फेस दिसतो, तेव्हा पाणी बाहेर पडत असतं. तो आवाज थांबून तडतड सुरू झाली की ती काटकी वाळली. मग पुढच्या टाकायच्या, एका वेळी तीन-चार, ज्योत जिथं वर येते आहे तिथंच, आडव्या-उभ्या. पांढरा दाट धूर म्हणजे वाफ आणि न जळलेला वायू, म्हणजे आग मागं पडते आहे. तेव्हा वर लाकूड टाकू नका, खालून हवा द्या.

त्यासाठी फुंकणी. लोखंडाची किंवा बांबूची, हातभर लांब. जमिनीलगत बसून, तोंड बाजूला वळवून श्वास भरायचा आणि निखाऱ्यांच्या बुडाशी लांब, संथ फुंकर घालायची. फूफू करून तुटक फुंकलं तर ज्योत उडते. वरून फुंकलं तर राख डोळ्यात आणि आग विझते. मुलांना मी सांगते, कढत दूध निवत ठेवताना घालतो तशी फुंकर घालू नका, बासरीला घालता तशी घाला.

काडीएवढ्या काटक्यांचा लालबुंद थर तळाशी दिसला की पेन्सिलीएवढ्या. त्या पेटल्या की तासलेल्या, फोडलेल्या चिपाट्या. अख्खं गोल लाकूड सगळ्यात शेवटी, आणि तेही फोडलेली बाजू आगीकडं करून. पहिल्या काडीपासून अंगठ्याएवढं लाकूड धरायला मला ओल्यात वीस-पंचवीस मिनिटं लागतात. कुणी पाच मिनिटांत पेटवली म्हणाला, तर त्याचं सरपण कोरडं होतं.

तेवढ्या वेळात उरलेली ओली लाकडं आगीच्या दोन्ही बाजूंना, वीतभर अंतरावर उभी करून ठेवा. त्यांतून वाफ निघताना दिसेल. अधूनमधून फिरवा, एक आगीत गेलं की ओलं एक त्याच्या जागी. असं चक्र लागलं की रात्र निघते.

त्या बुधवारी मावशींनी जाळ धरल्यावर पहिलं काम वेगळंच केलं. दादाला आगीच्या फार जवळ बसू दिलं नाही. तो हात जाळात घालायला बघत होता. बधिर झालेल्या कातडीला चटका कळत नाही, म्हणून त्यांनी त्याला दोन हात मागं, वाऱ्याच्या आडोशाला, आग अंगावर समोरून येईल असं बसवलं. गुळाचा कोरा चहा टाकला. तो नीट बोलायला लागला होता, गिळत होता, हे बघूनच घोट घोट पाजला. अर्ध्या तासानं दादानं विचारलं, "भारे झाकले का सगळे?" तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

एक गोष्ट मात्र जिवावर बेतणारी. बाहेर पाऊस आणि आत गारठा म्हणून निखाऱ्यांची घमेली खोपटात, खोलीत किंवा तंबूत घेऊन दार लावून झोपू नका. निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही, रंग नाही, धूर दिसत नाही, माणूस झोपेतच जातो. आगीवर दगड किंवा विटा तापवून गोणपाटात गुंडाळून पायाशी घ्या. दगड कोरड्या जागचाच.

पाऊस नसलेली ओल

दरवर्षी अवकाळी येत नाही, दव मात्र दरवर्षी पडतं. जानेवारीत पोपटी, म्हणजे मडक्यात भाजलेल्या शेंगा, लावायची म्हणून रात्री आठला शेतात जावं, तर गवत, पालापाचोळा, लाकडं, सगळं दवानं ओलं. त्याला वरची एवढी मेहनत लागत नाही. दिवसा, ऊन आहे तेव्हा दुपारी चारच्या आत सरपण गोळा करून झाकून ठेवा, अर्धं काम झालं. दव आभाळाखाली उघड्या पडलेल्या वस्तूवर धरतं, झाडाच्या दाट छायेत कमी, म्हणून आंब्याखालचा पाला उघड्या बांधावरच्यापेक्षा कोरडा मिळतो.

पोपटीला आग वेगळी लागते. मडक्यात भांबुर्डीचा पाला, वालाच्या शेंगा, ओवा, जाडं मीठ भरून ते उपडं ठेवलं की चहूबाजूंनी सारखी धग हवी, एकीकडं भडका आणि एकीकडं धूर असं झालं तर अर्ध्या शेंगा करपतात, अर्ध्या कच्च्या राहतात. मी आधी शेजारी वर सांगितल्यासारखी लहान आग पेटवून घेते, तिचे निखारे मडक्याभोवती गोल पसरते आणि त्यावर पेंढा, गोवऱ्या, झावळ्या रचते. मग ओलसर पेंढाही कुरकुर करत नाही. अर्ध्या-पाऊण तासानं मडक्यावर पाण्याचे चार थेंब उडवायचे. चर्र करून लगेच उडाले की पोपटी झाली.

निघताना आग विझवणं हेही पेटवण्याइतकंच मन लावून करा. लाकडं एकमेकांपासून वेगळी करा, पाणी ओता, काठीनं राख ढवळा, पुन्हा पाणी. चुर्र आवाज पूर्ण थांबला पाहिजे. मग हाताची उलटी बाजू राखेच्या अगदी जवळ न्या, ऊब नाही जाणवली तर बोटानं चाचपा. ऊब लागली तर अजून पाणी. आणि आगीच्या कडेला वाळलेली, न जळलेली लाकडं तिथंच टाकून येऊ नका. आमच्या खोपटात वळचणीच्या आत एक फळी ठोकलेली आहे. तिच्यावर कायम दोन मुठी कारवी, चार सोडणं आणि फोडलेल्या चिपाट्यांची एक जुडी असते. मावशी वाटेनं जाताना लागलं तर त्यातलं घेतात, आणि पुढच्या खेपेला गेलं की फळी भरलेली असते.